जुन्या छायाचित्रातली जपानी विनाशिका कशी ओळखावी

'कागेरो' या नावानं जपानी विनाशिकेची (डिस्ट्रॉयरची) छायाचित्रं शोधलीत तर एकमेकींशी काडीचंही साम्य नसलेल्या दोन युद्धनौका समोर येतात. एक १८९९ सालची. ब्रिटनमध्ये थॉर्निक्रॉफ्टच्या गोदीत बांधलेली, जेमतेम तीनशे टनांच्या आसपासची ही विनाशिका १९०५ मध्ये रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत होती. दुसरी १९३९ सालची, दोन हजार टनांची. ती मे १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ बुडाली. अनेक ठिकाणी एकीच्या फोटोखाली दुसरीची माहिती चिकटवलेली असते आणि पुढचे लोक ती तशीच उचलतात. जहाजाकडं नीट बघायची सवय लागली की अशी चूक फोटो उघडताक्षणी कळते.

जपानी विनाशिकेचा आकार म्हणजे तिच्या काळाची नोंदच. नाळ (जहाजाचं पुढचं टोक), धुरांडी, तोफा यांतला प्रत्येक बदल काहीतरी घडलं म्हणून झाला: एखादा तह, एखादं वादळ, एखादी हरलेली लढाई. ती कारणं डोक्यात ठेवून फोटो वाचायचा, म्हणजे वर्गांची (एकाच आराखड्याच्या जहाजांच्या गटांची) लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही.

आधी नाव बाजूला ठेवा

फोटोखालची ओळ सुरुवातीला झाकून टाका. जपानी आरमारानं नावं पुन्हापुन्हा वापरली. कामिकाझे १९०५ मध्ये एक आणि १९२२ मध्ये दुसरी. फुबुकी, साझानामी, इकाझुची, आकात्सुकी, शिमाकाझे या सगळ्यांच्याही किमान दोन-दोन आवृत्त्या आहेत.

तरी नावावरून एक ढोबळ गोष्ट कळते. मोठ्या विनाशिकांची नावं हवामानावरून आणि निसर्गावरून ठेवत. शेवटी 'काझे' असेल तर वारा, 'युकी' बर्फ, 'कुमो' किंवा 'गुमो' ढग, 'नामी' लाट, 'शिओ' भरती-ओहोटीचा प्रवाह, 'त्सुकी' किंवा 'झुकी' चंद्र. छोट्या, दुय्यम दर्जाच्या विनाशिकांना झाडांची नावं मिळत. मात्सु म्हणजे पाइन, ताके म्हणजे बांबू, मोमो म्हणजे पीच. झाडाचं नाव दिसलं आणि जहाज मोठं, सहा तोफांचं असेल, तर ओळ चुकलेली आहे असं बेलाशक समजा.

दुसरी पायरी: नाळ आणि पुढचा डेक

एकदम तोफा मोजायला जाऊ नका. जहाजाची बाह्यरेषा बघा, विशेषतः ब्रिजच्या, म्हणजे जहाज हाकायच्या उंच कक्षाच्या, पुढचा भाग.

पुढचा डेक कासवाच्या पाठीसारखा गोलसर उतरता असेल, ब्रिज नावापुरता असेल आणि सगळं जहाज पाण्याला टेकल्यासारखं दिसत असेल, तर तुम्ही १८९८ ते १९०९ च्या काळात आहात. या विनाशिका ब्रिटिश नमुन्यावरच्या. पहिल्या यारो आणि थॉर्निक्रॉफ्ट यांच्या गोदीतून आल्या. मग हारुसामे वर्गापासून योकोसुका आणि कुरे इथं जपानी हातांनी बांधल्या जाऊ लागल्या. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री पोर्ट आर्थर या रशियन तळावर चाल करून गेल्या त्या याच. दहा विनाशिकांनी सोळा टॉर्पेडो (पाण्यातून जाणारी स्फोटक अस्त्रं) सोडले, त्यांतले तीन लागले. रेत्विझान, त्सेसारेविच या दोन मोठ्या युद्धनौका आणि पालादा ही क्रूझर जायबंदी झाली. रशिया-जपान युद्ध तिथून पेटलं. त्सुशिमानंतर जखमी रशियन सेनापती रोझेस्तवेन्स्की ज्या बेदोवी विनाशिकेवर होता, ती साझानामीनं पकडली. तेव्हा तिच्यासोबत पहिली कागेरो होती.

पुढचा डेक उंच आणि सपाट झालेला दिसला की जहाज खोल समुद्रासाठी बांधलेलं आहे. ही सुरुवात १९११ च्या उमिकाझेपासून झाली: हजार टनांच्या वर आकार आणि टर्बाइन इंजिनं. तीन धुरांडी असलेला काबा वर्ग १९१५ चा. दहा विनाशिका जपाननं झपाट्यानं बांधल्या आणि १९१७ मध्ये त्यांतल्या काही भूमध्य समुद्रात, माल्टा तळावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या राखणीला गेल्या. फ्रान्सनं त्याच नमुन्याच्या बारा विनाशिका जपानकडून बांधून घेतल्या, म्हणून काबासारखं दिसणारं जहाज फ्रेंच झेंड्याखाली दिसलं तर गोंधळू नका.

उंच डेक ब्रिजच्या आधीच संपतो, तिथं खड्डा पडल्यासारखी मोकळी जागा आहे आणि त्या जागेत टॉर्पेडोच्या नळ्या दिसताहेत का? मग ती मिनेकाझे, कामिकाझे (१९२२), मुत्सुकी किंवा त्यांच्याच धर्तीच्या छोट्या मोमी आणि वाकाताके वर्गांपैकी. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण अंधूक फोटोतही ती लपत नाही. यांतली मुत्सुकी कशी वेगळी काढायची? तिची नाळ पाण्यापासून वर येताना दुहेरी वळण घेते, इंग्रजी एस अक्षरासारखं. नाळेचा हा आकार पुढच्या जवळजवळ सगळ्या जपानी विनाशिकांनी घेतला. मुत्सुकीवर ६१ सेंटीमीटर व्यासाच्या टॉर्पेडोंचे तीन-तीन नळ्यांचे दोन संच होते. मिनेकाझे आणि कामिकाझेवर ५३ सेंटीमीटरचे, दोन-दोन नळ्यांचे तीन.

१९२२ च्या कामिकाझेचा आपल्या अंदमानशीही संबंध आला. मे १९४५ मध्ये अंदमानातल्या जपानी शिबंदीला रसद पोचवायला हागुरो ही क्रूझर निघाली, तेव्हा सोबतीला ही वीस वर्षांहून जुनी विनाशिका होती. १६ मेच्या पहाटे पेनांगजवळ पाच ब्रिटिश विनाशिकांनी हागुरो बुडवली. कामिकाझे त्यातून वाचली.

तिसरी पायरी: धुरांडी मोजा आणि त्यांची जाडी बघा

चार धुरांडी असतील तर बहुधा १९१२ च्या आधीचा काळ, तीन असतील तर पहिलं महायुद्ध, दोन असतील तर त्यानंतरचा. एवढं ढोबळ गणित चालतं, फक्त थॉर्निक्रॉफ्टच्या मुराकुमो वर्गाला १८९८ मध्येही दोनच धुरांडी होती हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिकांसाठी जाडीकडं बघायचं. फुबुकी वर्गात चार बॉयलर, म्हणून दोन्ही धुरांडी सारख्या जाडीची. त्याच वर्गातल्या शेवटच्या चार जहाजांत, आकात्सुकी, हिबिकी, इकाझुची आणि इनाझुमा यांत, बॉयलर तीनच. पुढच्या धुरांड्याला एकच बॉयलर जोडलेला, म्हणून ते बारीक. हात्सुहारूपासून उलटं झालं. पुढच्या धुरांड्याला दोन बॉयलर, मागच्याला एक; त्यामुळं पुढचं जाड, मागचं बारीक. हीच ठेवण शिरात्सुयु, आसाशिओ, कागेरो आणि युगुमोपर्यंत चालली.

एकच रुंद धुरांडं मधोमध असेल तर ती आकिझुकी. दोन धुरांडी आहेत, पण एकमेकांपासून चांगली दूर, असं असेल तर मात्सु. मात्सुमध्ये बॉयलर आणि इंजिन यांच्या जोड्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या, एका टॉर्पेडोनं सगळी यंत्रणा बंद पडू नये म्हणून.

चौथी पायरी: तोफा कुठं आहेत

फुबुकी १९२८ मध्ये दाखल झाली तेव्हा जगातल्या बाकीच्या विनाशिका तिच्यापुढं जुन्या वाटू लागल्या. १२.७ सेंटीमीटरच्या सहा तोफा, त्याही बंद बुरुजांत दुनळी बसवलेल्या: एक बुरूज पुढं, दोन मागं. टॉर्पेडोचे तीन नळ्यांचे तीन संच. चोवीस जहाजांच्या या वर्गाला जपानी भाषेत 'विशेष प्रकार' म्हणत. यातल्या पहिल्या तुकडीच्या डेकवर धुरांड्यांजवळ हवेचे वाकडे पाइप वेगळे उभे दिसतात. पुढच्या तुकडीत हवा घेण्याची सोय धुरांड्याच्या बुडाशी वाडग्यासारख्या गोल घेरात आहे. फोटो बाजूनं काढलेला असेल तर ही खूण हमखास सापडते.

हात्सुहारूची कथा समजली की अर्धा विषय हातात आला असं मी मानतो. १९३० च्या लंडन तहानं विनाशिकांच्या वजनावर मर्यादा घातली: बहुतेक जहाजं १५०० टनांच्या आत. जपानी अभियंत्यांना छोट्या जहाजावर फुबुकीएवढीच ताकद हवी होती. त्यांनी पुढच्या दुनळी तोफेच्या मागं, एका पातळीनं वर, आणखी एक एकनळी तोफ बसवली, तीन टॉर्पेडो संच दिले, वर उंच ब्रिज. जहाज डोक्यात जड झालं. मग १२ मार्च १९३४ ला तोमोझुरू ही त्याच विचारानं बांधलेली छोटी टॉर्पेडो नौका वादळात उलटली. आरमाराला धडकी भरली. हात्सुहारू गोदीत परत आली, ब्रिज कापून खाली आणला, एक टॉर्पेडो संच उतरवला आणि ती एकनळी तोफ पुढून उचलून मागं नेली.

म्हणजे हात्सुहारूचे दोन चेहरे आहेत. पुढं दोन तोफा एकीवर एक असतील तर फोटो १९३३-३४ चा. पुढं एकच दुनळी, मागं एकनळी आणि दुनळी पाठीला पाठ लावून असतील, तर त्यानंतरचा. शिरात्सुयु वर्ग सुरुवातीपासून याच दुसऱ्या रूपात आला. तिच्यावर मात्र टॉर्पेडोच्या चार-चार नळ्यांचे दोन संच आहेत, हात्सुहारूवर तीन-तीनचे.

दीड वर्षानंतर, २६ सप्टेंबर १९३५ ला, सरावासाठी निघालेला चौथा ताफा चक्रीवादळात सापडला. हात्सुयुकी आणि युगिरी या दोन फुबुकी वर्गाच्या विनाशिकांच्या नाळा लाटांनी तोडून नेल्या. त्यानंतर जवळजवळ सगळ्या नव्या जहाजांचे सांगाडे मजबूत केले गेले. फुबुकी वर्गाचे ब्रिज ठेंगणे झाले, वजन वाढलं आणि ३८ नॉटचा (ताशी सागरी मैल) वेग ३४ च्या घरात आला. फुबुकीचा ब्रिज उंच आणि थोराड की आटोपशीर, एवढं बघितलं तरी फोटो या दुरुस्तीच्या आधीचा की नंतरचा ते कळतं.

आसाशिओ, कागेरो, युगुमो या तिन्ही वर्गांत पुढं एक दुनळी, मागं दोन दुनळी एकीवर एक, आणि चार नळ्यांचे दोन टॉर्पेडो संच. इथं माझा सल्ला स्पष्ट आहे: ब्रिज जवळून दिसत नसेल तर कागेरो आणि युगुमो यांत निवड करूच नका. 'कागेरो किंवा युगुमो वर्ग' असं लिहा आणि पुढं चला. खोटी खात्री दाखवण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं.

आकिझुकी आणि मात्सु मात्र दुरूनही ओळखू येतात. आकिझुकीवर चार दुनळी बुरूज, दोन पुढं आणि दोन मागं, लांब बारीक नळ्यांच्या १० सेंटीमीटर तोफा. विमानं पाडण्यासाठीच तिचा जन्म. तिचा डौल बघून अमेरिकन वैमानिकांना ती क्रूझर वाटायची. मात्सुवर पुढं एक एकनळी, मागं एक दुनळी, दोन्ही विमानविरोधी. वेग फक्त २७.८ नॉट. एकाच फोटोत या दोघी शेजारी दिसल्या तर जपानचं युद्ध कुठं चाललं होतं ते उमगतं. आधी उत्तमाचा ध्यास होता, १९४४ मध्ये चटकन बांधून होईल तेच उत्तम ठरलं.

टॉर्पेडोंबद्दल थोडं थांबून

फोटोत टॉर्पेडो संचावर पेटीसारखं बंद कवच दिसतं आणि धुरांड्यांच्या आसपास लांबट पेट्या. त्या पेट्यांत राखीव टॉर्पेडो असत. एकदा मारा केला की जहाज मागं हटून समुद्रातच नळ्या पुन्हा भरू शकत असे. हे हत्यार म्हणजे ९३ प्रकारचा टॉर्पेडो, हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनवर चालणारा. त्यामुळं पाण्यावर बुडबुड्यांची रेघ जवळजवळ उमटत नसे. पल्ला ४८ नॉटच्या आसपास सुमारे २०-२२ किलोमीटर. वेग कमी ठेवला तर चाळीसपर्यंत. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ग्वादालकॅनालजवळ तासाफारोंगा इथं रायझो तानाका यांच्या आठ विनाशिका सैनिकांसाठी रसदीची पिंपं घेऊन आल्या होत्या. अमेरिकी क्रूझरांनी आधी गोळीबार केला. उत्तरादाखल सुटलेल्या टॉर्पेडोंनी नॉर्थॅम्प्टन बुडवली आणि आणखी तीन क्रूझर महिनोन् महिने युद्धाबाहेर काढल्या. जपाननं गमावली एक ताकानामी.

या कौशल्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण ज्या आरमारानं रात्रीच्या टॉर्पेडो हल्ल्यावर एवढी बुद्धी ओतली, त्यानं पाणबुड्यांपासून स्वतःची व्यापारी जहाजं राखायचं काम दुय्यम मानलं, आणि त्याची किंमत या विनाशिकांनीच मोजली.

पाचवी पायरी: वर्ष पकडा

वर्ग कळला की साल शोधायचं. डोलकाठीकडं बघा. काहीच नसेल तर १९४२ किंवा आधीचा फोटो असण्याची शक्यता जास्त. डोलकाठीवर एकाखाली एक दोन शिंगांसारखे कर्णे असतील तर तो २२ क्रमांकाचा रडार, विनाशिकांवर साधारण १९४३ पासून. शिडीसारखा चौकटीचा अँटेना असेल तर १३ क्रमांकाचा, म्हणजे १९४४ नंतर. मागचा वरचा बुरूज गायब आणि त्या जागी २५ मिलिमीटरच्या तीन-तीन नळ्यांच्या विमानविरोधी तोफा? हा बदलही १९४३-४४ चा. तोफाच नाहीत आणि डेकवर लाकडी खोल्या उभ्या आहेत, असं दिसलं तर युद्ध संपलेलं आहे. परदेशातून जपानी सैनिक आणि नागरिक घरी आणण्याच्या कामावरची ती विनाशिका आहे.

जहाजाच्या अंगावरची अक्षरंही कामाची. नाळेजवळचा आकडा तुकडीचा असतो, एका तुकडीत बहुधा चार विनाशिका. ६ दिसला तर सहावी तुकडी: १९४१-४२ मध्ये आकात्सुकी, हिबिकी, इकाझुची, इनाझुमा. १६ असेल तर युकिकाझे आणि तिच्या सख्या. मात्र १ ऑगस्ट १९२८ पर्यंत काही विनाशिकांना नावंच नव्हती, फक्त क्रमांक होते. मुत्सुकी म्हणजे 'विनाशिका १९'. त्या काळच्या फोटोत आकडा म्हणजे जहाजच.

जहाजाच्या मध्यावर काताकाना लिपीत नाव असे, उजवीकडून डावीकडं वाचायचं, आणि जुन्या वर्णलेखनात. 'युगिरी' शोधत असाल तर डोळ्यांपुढं अक्षरं येतील रि-गि-फु-यु अशी. फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही इथंच तपासून घ्या. युद्ध जवळ आल्यावर ही नावं पुसली गेली.

सहावी पायरी: कागदपत्रांशी ताळा

जपानी नोंदींत सालं सम्राटाच्या कारकिर्दीनुसार असतात. मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशो वर्षात १९११, शोवा वर्षात १९२५. शोवा १७ म्हणजे १९४२. शस्त्रांचे क्रमांकही सालंच सांगतात: '९३ प्रकार' म्हणजे जपानी शक २५९३, आपलं १९३३. फुबुकीची '३ऱ्या वर्षाची' तोफ मात्र ताइशो ३ मधली, म्हणजे १९१४.

वेळेचाही घोळ होतो. जपानी आरमार जगात कुठंही असो, घड्याळ तोक्योचंच. सॉलोमनमध्ये मित्रराष्ट्रांचं घड्याळ त्याच्या दोन तास पुढं चालत असे. मध्यरात्रीच्या लढाईची तारीख दोन पुस्तकांत एका दिवसानं वेगळी दिसली तर बहुधा कारण एवढंच.

मूळ कागद बघायचे तर आशियाई ऐतिहासिक नोंदींच्या जपानी केंद्राचा संग्रह घरबसल्या मोफत उघडतो. 'सेंजी निश्शी' म्हणजे युद्धकाळातली रोजनिशी आणि 'सेंतो शोहो' म्हणजे लढाईचा तपशीलवार अहवाल, हे दोन शब्द जपानी लिपीत टाकून शोधा. अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागाकडंही मोठा फोटोसंग्रह आहे. जपानला जाणं झालं तर कुरेच्या नौवहन संग्रहालयात नौदल अभियंता शिझुओ फुकुई यांनी जमवलेला ठेवा आहे. किताक्युशूच्या वाकामात्सु भागात तीन विनाशिकांची धडं लाटारोधक बंधारा म्हणून वापरली गेली, त्यांतल्या यानागीचं धड आजही दिसतं.

सगळं एकत्र करून एक उदाहरण

समजा ओळ नसलेला एक फोटो हाती आला. दोन धुरांडी, पुढचं बारीक, मागचं जाड. ब्रिजपुढं खड्डा नाही. म्हणजे आकात्सुकी गट, चारच उमेदवार. ब्रिज आटोपशीर, म्हणजे १९३५ च्या वादळानंतरचा काळ. मागं दोन बुरुजांच्या जागी एकच, वरच्या जागेवर छोट्या विमानविरोधी तोफा. डोलकाठीवर शिडीसारखा अँटेना. म्हणजे १९४४ किंवा नंतर.

आता बुडालेल्यांच्या नोंदी काढा. आकात्सुकी नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वादालकॅनालजवळ गेली. इकाझुची एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकी पाणबुडी हार्डरनं बुडवली. इनाझुमा पुढच्याच महिन्यात बोनफिश पाणबुडीनं. मे १९४४ नंतर उरली ती हिबिकीच, जी युद्धातून वाचली आणि १९४७ मध्ये सोव्हिएत संघाकडं गेली. जहाजावर एकही अक्षर नसताना नाव सापडलं.

आता फोटोखाली ओळ लिहा, पण कशावरून ओळखलं तेही लिहा: 'हिबिकी (आकात्सुकी गट), बहुधा १९४४ च्या उत्तरार्धात किंवा १९४५ मध्ये; बारीक पुढचं धुरांडं, वरचा मागचा बुरूज काढलेला, १३ क्रमांकाचा रडार यांवरून.' पुढं कुणाकडं याहून स्पष्ट प्रत असेल तर नेमकं काय तपासायचं ते त्याला या ओळीवरूनच कळेल.